सत्तर लाखांची गाडी आणि कापूरबावडीचा सिग्नल

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहेत, मोठी एसयूव्ही घ्यायचीय, डिझेल घेऊ का पेट्रोल. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, मोठ्या एसयूव्हीवर सेस धरून 50 टक्के लागत होता तो 40 वर आला, तेव्हापासून ठाण्यात नि नवी मुंबईत ज्याला त्याला जर्मन गाडीची स्वप्नं पडायला लागलीत. पडू देत, चांगलंय. पण एक सांगून ठेवतो, या 40 टक्क्यांत डिझेल-पेट्रोल असा भेद नाही, दोघांनाही तेवढाच, त्यामुळे "जीएसटी कमी झाला म्हणून आता डिझेल परवडेल का" असं विचारणाऱ्या तिघा-चौघांना इथेच उत्तर मिळालं. बाकीच्यांतले पाच घेतो.

प्रश्न : नमस्कार दादा, मी घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो, वागळे इस्टेटला छोटं युनिट आहे. आत्तापर्यंत डिझेल इनोव्हा चालवली, दोन लाखाच्या वर किलोमीटर झाले, एका पैशाचा त्रास नाही. आता बीएमडब्ल्यू एक्स-3 किंवा मर्सिडीज जीएलसी घ्यायचं मनात आहे, ऑन-रोड 85 पर्यंत जाऊ शकतो. शोरूमवाला म्हणतो साहेब डिझेलच घ्या, ॲव्हरेज आहे, रिसेल आहे. मेव्हणा म्हणतो वेडा आहेस का, डिझेल बंद होणारे. बायको म्हणते जी शांत चालते ती घ्या. रोज जाऊन-येऊन 22 किमी होतात आणि दोन महिन्यांतून एकदा साताऱ्याला गावी जाणं. काय करू?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : वहिनींचं ऐका. उत्तर इथेच संपलं असतं पण संपादक म्हणतात पान भरायचंय, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे इनोव्हाचा अनुभव बाजूला ठेवा. तुमची इनोव्हा बीएस-6, म्हणजे धुराचे कडक नियम, यायच्या आधीची असणार. 1 एप्रिल 2020 नंतर विकल्या जाणाऱ्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत दोन पाहुणे कायमचे मुक्कामाला आलेत, एक डीपीएफ आणि दुसरा, बहुतेक गाड्यांत, ॲडब्लू. ॲडब्लूचं खाली ऐरोलीच्या वाचकांना सांगितलंय. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी सिरॅमिकची जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. काजळी साचत गेली की ती जाळावी लागते आणि ती जळायला सायलेन्सरच्या आत 600 अंशांच्या आसपास तापमान लागतं. गाडी हायवेला 80-90 ने चालली की बरीचशी काजळी आपोआप जळत राहते, तुम्हाला कळतही नाही. शहरात तेवढं तापत नाही, मग गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच ठरवतो की चला आता जाळूया, आणि जास्तीचं डिझेल सोडून ते तापमान चढवतो. याला रिजनरेशन म्हणतात, सर्व्हिसवाले नुसतं "रिजन" म्हणतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि त्या वेळात गाडी चालत राहायला हवी, बंद केली की काम अर्धवट.

आता तुमचा रस्ता बघा. सकाळी सव्वानऊला कासारवडवलीहून निघालात, मेट्रोच्या पिलरांच्या कडेकडेने मानपाडा, मग कापूरबावडी, माजिवडा, मग नितीन कंपनीपासून वागळेत. 11 किलोमीटर, पन्नास मिनिटं. म्हणजे ताशी 13. सायकलवाला मागे टाकेल. गाडीने कापूरबावडीला रिजन सुरू केलं, सिग्नल, गिअर एक, ब्रेक, गिअर एक, ब्रेक, तोवर तुम्ही युनिटच्या गेटवर पोचून बटण दाबून गाडी बंद. संध्याकाळी परत तेच. चार-पाच दिवस असं झालं की जाळीचा दिवा लागतो. आणि अर्धवट रिजनमधलं जास्तीचं डिझेल सगळं जळत नाही, थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. तुम्ही म्हणाल ऑइल कमी होतं हे ऐकलंय, इथे उलट, ऑइल वाढतं. वाढलेलं ऑइल म्हणजे पातळ झालेलं ऑइल, आणि टर्बोला ते अजिबात आवडत नाही.

हे पुस्तकी सांगत नाहीये, माझ्याच घरात घडलंय. लॉकडाऊननंतर माझी बीएस-6 डिझेल एसयूव्ही (कुठली ते राहू द्या) पाचपाखाडी ते स्टेशन, स्टेशन ते पाचपाखाडी एवढंच चालत होती, कारण जायचं कुठे. एक दिवस गाडी बंद केली तरी पुढचा पंखा घों घों करत चालूच, बॉनेटखालून तापल्या लोखंडासारखा वास, मी घाबरून सोसायटीच्या वॉचमनला पाण्याची बादली आणायला लावली. काही नव्हतं, रिजन अर्धवट तुटलं होतं. दोन दिवसांनी दिवा लागला. रविवारी पहाटे साडेपाचला गाडी काढली, नाशिक हायवेने शहापूरपर्यंत मॅन्युअलवर टाकून आरपीएम दोन हजाराच्या वर ठेवून गेलो नि आलो, दिवा गेला. महिन्याने परत आला, तेव्हा सर्व्हिस सेंटरला नेली तर त्यांनी सरळ नवीन डीपीएफचं सव्वादोन लाखांचं एस्टिमेट हातात ठेवलं, वर चहा. दुसरीकडे दाखवली तर जाळी ठणठणीत होती, प्रेशर सेन्सरची एक रबरी नळी चिरली होती, अडीच हजारांत काम झालं. त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी पहाटे मी शहापूरला जायला लागलो, बायकोला वाटायचं मला निसर्गाची ओढ लागलीय.

तर तुम्हाला असं जगायचंय का, हा खरा प्रश्न आहे. ॲव्हरेजचा नाही.

पण ॲव्हरेजचा हिशेबही करूच, कारण शोरूमवाला तोच पुढे करणार. जानेवारी 2025 मध्ये नवी एक्स-3 आली तेव्हा पेट्रोल 75 लाख 80 हजार आणि डिझेल 77 लाख 80 हजार होती, एक्स-शोरूम. जीएसटीनंतर किमती उतरल्या, तेव्हा सोयीसाठी गोल आकडे धरतो, पेट्रोल 70, डिझेल 72. आता यात आरटीओचा वन-टाइम टॅक्स घाला, इथे आपलं महाराष्ट्र राज्य मजा करतं. 20 लाखांवरच्या खासगी गाडीला पेट्रोलवर 13 टक्के, डिझेलवर 15 टक्के. म्हणजे पेट्रोलला 9 लाख 10 हजार आणि डिझेलला 10 लाख 80 हजार. शोरूमला दोन लाखांचा दिसणारा फरक एमएच-04 ची पाटी लागेपर्यंत 3 लाख 70 हजारांचा होतो, इन्शुरन्सचे वरचे पैसे वेगळेच.

हे पैसे वसूल किती दिवसांत? शहरात पेट्रोल 8 देईल, डिझेल 11 देईल असं धरू. भाव 104 आणि 90 धरतो, तुम्ही तुमच्या पंपाचा टाका. पेट्रोल किलोमीटरला 13 रुपये, डिझेल सव्वाआठच्या आत, म्हणजे पावणेपाच रुपये वाचले. हायवेला दोन्ही गाड्या बऱ्या चालतात म्हणून तिथे फरक तीन रुपयांवर येतो. तुमचे शहरातले वर्षाला 7 हजार आणि साताऱ्याच्या सहा फेऱ्यांचे 3 हजार, एकूण 10 हजार किमी. वाचले किती, साधारण 42-43 हजार. म्हणजे 3 लाख 70 हजार वसूल व्हायला पावणेनऊ वर्षं, आणि तोवर डीपीएफने काही मागितलं नाही तर! पावणेनऊ वर्षांनी तुमचा मुलगा ती गाडी विकून इलेक्ट्रिक घेऊन बसलेला असेल.

आता मेव्हण्याचं. डिझेल उद्या बंद होणार असं काही नाही, त्यांना सांगा. झालंय एवढंच की जानेवारी 2025 मध्ये हवेच्या प्रदूषणावरून मुंबई हायकोर्टाने सरकारला डिझेल-पेट्रोल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा विचार करायला सांगितलं आणि सरकारने मुंबई महानगर प्रदेशात फक्त इलेक्ट्रिक नि सीएनजी ठेवता येईल का हे बघायला एक समिती नेमली. नीट वाचा, त्यात पेट्रोलही आलं. आणि महानगर प्रदेशात ठाणे नि नवी मुंबई दोन्ही येतात. समिती नेमली म्हणजे बंदी आली असं नाही, पण दिल्लीत डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची वयोमर्यादा असा भेद झाला तसा उद्या इथे झालाच तर आधी डिझेलवाल्याची मान जाणार हे उघड आहे. म्हणून मेव्हणा शंभर टक्के चुकला असं म्हणवत नाही.

चालवण्यात काय फरक, तर इथे एक गंमत आहे जी कोणी सांगत नाही. पेट्रोल-डिझेल म्हणून सरसकट तुलना करू नका, कंपनीप्रमाणे चित्र बदलतं. एक्स-3 ची पेट्रोल 190 हॉर्सपॉवर आणि 310 न्यूटन मीटर टॉर्क, डिझेल 197 आणि 400, म्हणजे तिथे डिझेल सरळ सरळ तगडी. जीएलसीला उलट, 300 नावाचं पेट्रोल मॉडेल 258 हॉर्सपॉवर आणि 400 टॉर्क, 220डी हे डिझेल 197 आणि 440, म्हणजे पेट्रोल पळते आणि डिझेल ओढते. तेव्हा पेट्रोल घ्यायचीच तर जीएलसी तुम्हाला जास्त आवडेल असा माझा अंदाज. टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमच्या आजूबाजूला गोल फिरून करू नका, चार माणसं बसवून गायमुखचा घाट चढवा, एसी फुल. खंबाटकीला काय होईल ते तिथेच कळेल. आणि एकदा सकाळी थंड इंजिनला काच खाली करून चालू करा, बेसमेंटमध्ये. या गाड्यांची डिझेलं आता आतून फार शांत झालीत, पण बाहेरून टक-टक येतेच, आणि वहिनी नेमक्या बाहेर उभ्या असतात.

पेट्रोल ठरलं की दुकानंही वाढतात हे लक्षात ठेवा. ऑडीने भारतात बीएस-6 आल्यापासून डिझेल बंदच केलंय, व्होल्वोने तर मार्च 2024 मध्ये शेवटची डिझेल गाडी बनवून जगभराचा विषयच मिटवला. क्यू-5 आणि एक्ससी-60 एकदा बघून या.

माझं मत कधी बदलेल? साताऱ्याला दर शनिवारी जाणार असाल तर. दोन महिन्यांतून एकदा नाही, दर शनिवारी.

प्रश्न : सर, खारघरला राहतो, चाकणला कंपनी आहे, आठवड्यातून तीन दिवस एक्स्प्रेसवेने जाऊन-येऊन. वर्षाला पंचवीस-सव्वीस हजार किमी सहज होतात. डिझेल एसयूव्ही घ्यायचं जवळजवळ ठरलंय, पण सीए म्हणतो कंपनीच्या नावावर घ्या, भाऊ म्हणतो स्वतःच्या. आणि डिझेल बरोबर आहे ना?
— एक वाचक, खारघर

उत्तर : डिझेल एकदम बरोबर, डोळे मिटून घ्या. ही जाळी तुमच्यासारख्यांसाठीच बनलीय, कळंबोलीहून गाडी निघाली की तळेगाव येईपर्यंत ती चकाचक होते, तुम्हाला आयुष्यात दिवा दिसणार नाही. खंडाळ्याच्या चढाला कमी आरपीएमवरचा तो जोर, पायाला कळतो. आणि एक टाकी फुल केली की आठवडा पंपाचं तोंड बघायला नको, हे सुख ॲव्हरेजच्या आकड्यात दिसत नाही पण रोज जाणाऱ्याला विचारा. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांच्या मागे जो तासभर जातो तिथे डिझेल काय नि पेट्रोल काय, तिथे फक्त चांगली सीट कामाची.

कंपनीचं नाव म्हणाल तर एक गोष्ट सीएने सांगितलीय का विचारा. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर गाडी घेतली की वन-टाइम टॅक्स सरळ 20 टक्के, पेट्रोल असो वा डिझेल. वरचेच गोल आकडे घेतले तर 72 लाखांच्या डिझेलला स्वतःच्या नावावर 10 लाख 80 हजार आणि कंपनीच्या नावावर 14 लाख 40 हजार, म्हणजे 3 लाख 60 हजार जास्तीचे पहिल्याच दिवशी गेले. बदल्यात कंपनीला दरवर्षी 15 टक्के घसारा, कर्जाचं व्याज, इन्शुरन्स, डिझेल हे खर्चात दाखवता येतं. जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी वळता करून घेणं, मात्र मिळेल या भ्रमात राहू नका, बसायच्या गाडीवर साधारण धंद्याला ते मिळत नाही, शोरूममधला कोणीतरी हमखास "साहेब क्रेडिट घ्या ना" म्हणतो, त्याला हसून सोडा. 1 टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतात तो रिटर्नमध्ये वळता होतो, तो खर्च धरू नका.

यातली गंमत अशी की कंपनीच्या नावावर घेतली तर डिझेलचा टॅक्सचा दंड जवळजवळ पुसला जातो, कारण दोन्हीला 20 च. फरक उरतो 2 लाख 40 हजारांचा. तुमच्या 26 हजार किमीला हायवेचे तीन रुपये वाचले तरी वर्षाला 78 हजार, तीन वर्षांच्या थोडं वर गेलं की डिझेल फुकटात पडली. त्यामुळे घसारा नि बाकी खर्च दाखवून कर किती वाचेल तो आकडा सीएकडून कागदावर लिहून घ्या, 3 लाख 60 हजारांच्या वर येत असेल तर कंपनी, नसेल तर भावाचं ऐका. पार्टनरशिप किंवा एलएलपी असेल तर टॅक्स कुठल्या रकान्यात धरतील ते पनवेलच्या आरटीओत आधी विचारून घ्या, डीलरच्या एजंटच्या शब्दावर चेक फाडू नका.

प्रश्न : दिल्लीहून 2019 ची डिझेल एक्स-5 आणून देतो म्हणून एक जण मागे लागलाय, इथल्या भावापेक्षा सात-आठ लाख स्वस्त सांगतोय. घ्यावी का? नेरूळमध्येच फिरणार, क्वचित अलिबाग.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : स्वस्त का आहे ते आधी बघा. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा, 2015 ला हरित लवादाने घातली, 2018 ला सुप्रीम कोर्टाने तीच धरली, पुढे त्यात कधी सैल कधी घट्ट असं चालूच आहे. त्यात 2019 ची म्हणजे बीएस-4 असू शकते, हिवाळ्यात हवा बिघडली की दिल्लीत बीएस-4 डिझेल रस्त्यावर आणायलाच मनाई होते. मालकाच्या दृष्टीने ती गाडी म्हणजे दरवर्षी वितळणारा बर्फ आहे, म्हणून तो विकतोय, यात चोरीचपाटी असेलच असं नाही.

पण सात-आठ लाखांतले उरतात किती ते मोजा. दिल्लीची एनओसी, बँकेचं कर्ज असेल तर त्यांची एनओसी, थकलेली चलनं, आणि मग इथे वयाप्रमाणे घट धरून वन-टाइम टॅक्स परत, डिझेल म्हणून वरच्या दराने, मग एमएच-43 ची नवी पाटी. बारा महिन्यांत हे करावंच लागतं. दिल्लीची पाटी घेऊन पाम बीचवर फिरत राहिलात तर पहिल्या नाक्यावरच तुमच्याशी ओळख वाढवणारे भेटतील.

तरी बघायला गेलातच तर खिशात पांढरा रुमाल ठेवा. तो बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या नळीत आतून फिरवा. डीपीएफ (बीएस-6 च्या आधीच्याही काही गाड्यांत असतो) जागेवर आणि धड असेल तर रुमाल जवळजवळ स्वच्छ निघतो, डीपीएफवाल्या गाडीत काळाकुट्ट निघाला तर कोणीतरी जाळी फोडून आतून रिकामी केलीय किंवा ती तडकलीय. हे उद्योग सर्रास चालतात, जाळीचा खर्च वाचवायला. दुसरं, ऑइलची लेव्हल. बीएमडब्ल्यूला बहुतेक मॉडेलना दांडी नसते, स्क्रीनवर बघावी लागते, मॅक्सच्या वर दाखवत असेल तर पहिल्या उत्तरातलं ऑइलमध्ये डिझेल उतरण्याचं आठवा आणि चहा पिऊन परत या. तिसरं, चॅसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास काढायला सांगा, विकणारा टाळाटाळ करत असेल तर तेही उत्तरच आहे.

आणि हे सगळं ठीक निघालं तरी नेरूळमध्येच फिरणार म्हणताय, सीवूडच्या मॉलपर्यंत सहा सिलिंडरचं डिझेल? मला विचाराल तर नको.

प्रश्न : दादा, माझ्या डिझेल एसयूव्हीत "800 किमीनंतर इंजिन सुरू होणार नाही" असा मेसेज येतोय, ॲडब्लू संपत आलंय म्हणे. सर्व्हिसची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळालीय आणि मला मध्येच नाशिकला जायचंय. पंपावरची बादली घेऊन स्वतः टाकली तर चालेल? नवरा म्हणतो हात लावू नकोस.
— एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : ताई, बिनधास्त लावा. ॲडब्लू म्हणजे शुद्ध पाण्यात 32.5 टक्के युरिया, धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा बंदोबस्त करायला सायलेन्सरच्या लाइनीत फवारतात, बाकी त्यात जादू काही नाही. ट्रकवाले याला सरळ "युरिया" म्हणतात, कळंबोलीच्या बाजूला बादल्याच्या बादल्या रचलेल्या दिसतील. सीलबंद घ्या, वर आयएसओ 22241 लिहिलंय आणि तारीख ताजी आहे एवढं बघा, उन्हात महिनोन्महिने पडलेली नको. बहुतेक गाड्यांत डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण असतं, ते याचं. अर्धा-एक लिटर टाकलंत तर मेसेज जाणार नाही, दहा लिटर तरी जाऊ देत. बाहेर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, वाळलं की पांढरी मिठासारखी पूड धरते आणि रंग खाते.

फक्त एक. घाईत ते डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी चालू करू नका, इग्निशनसुद्धा नाही, सरळ टो करून न्या. चालू केलीत की पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळी लाइन गेली, आणि मग यजमान जन्मभर ऐकवतील. आणि मेसेजकडे दुर्लक्ष करून इगतपुरीपर्यंत जाऊ असंही नको. चालती गाडी बंद पडत नाही, पण आकडा शून्यावर आला आणि वडापाव खायला म्हणून बंद केलीत की परत सुरू होत नाही.

प्रश्न : 2021 ची पेट्रोल जर्मन एसयूव्ही आहे, घरची दुसरी गाडी, महिन्यातून दोन-तीनदाच निघते. एथेनॉलच्या पेट्रोलने इंजिन जाईल का? सोसायटीत सगळे घाबरवतायत. आता वाटतं डिझेल घेतली असती तर बरं झालं असतं.
— एक वाचक, वाशी

उत्तर : महिन्यातून तीनदा निघणारी डिझेल घेतली असतीत तर आज पहिल्या उत्तरातला जाळीचा दिवा तुमच्याकडे लागला असता, तेव्हा ते दुःख सोडा.

एथेनॉलचं, आधी ॲव्हरेज. एथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे 20 टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं उतरणारच, हे गणित आहे, अफवा नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींना 6-7 टक्क्यांची घट धरली होती. तुमच्या वापराला महिन्याचे दोनशे-तीनशे रुपये, सोडून द्या.

इंजिनाचं म्हणाल तर खरा त्रास गाडी उभी राहण्याचा आहे. एथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि वाशीच्या पावसाळ्यात खाडीकडून येणारी हवा म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. पाव टाकी भरून गाडी जून ते सप्टेंबर पोडियमवर झाकून ठेवणं हे सगळ्यात वाईट. टाकी वरपर्यंत ठेवा, आत हवाच कमी राहील, आणि आठवड्याला एकदा अर्धा तास बाहेर काढा, नुसती जागेवर चालू करून ठेवू नका.

आणि सोसायटीत कोण काय म्हणतं त्यापेक्षा पेट्रोलचं झाकण उघडून आतलं स्टिकर वाचा. तिथे ई-5, ई-10, ई-20 असं, म्हणजे किती टक्के एथेनॉल चालतं ते, छापलेलं असतं, शिवाय 95 ऑक्टेन लागतं का तेही. ई-20 नसेल तर चॅसिस नंबर देऊन कंपनीला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या, फोनवरचं धरू नका, उद्या वॉरंटीचा वाद झाला तर तोच कागद कामाला येईल. स्टिकरचा फोटो मलाही पाठवा, त्यावर काय लिहिलंय ते बघून पुढचं सांगतो.